सहा घरं, आठ घरं

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत बिग बेअर नावाचं तळं आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जेफ कूपर या मरीन दलातल्या माजी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, तिथे एक नवी स्पर्धा भरू लागली. तिचं नाव 'लेदरस्लॅप'. दोन नेमबाज शेजारी उभे राहायचे. समोर एकवीस फुटांवर प्रत्येकाचे फुगे लावलेले असायचे. इशारा झाला की कमरेच्या होल्स्टरमधून हत्यार उपसायचं आणि शेजाऱ्याच्या आधी आपले फुगे फोडायचे. टीव्हीवर तेव्हा काउबॉय मालिकांची लाट होती. त्यामुळे बहुतेक जण त्या पडद्यावरच्या नायकांसारखेच, हत्यार कमरेपाशी ठेवून, नेम न धरता गोळ्या झाडत. पहिली गोळी विजेसारखी सुटायची आणि फुगा जागच्या जागी डुलत राहायचा. मग दुसरी, तिसरी, चौथी.

लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यातला डेप्युटी जॅक वीव्हर या गर्दीत वेगळा होता. त्याच्याकडे स्मिथ अँड वेसनचं के-३८ हे सहा इंची नळीचं, .३८ स्पेशल काडतुसाचं रिव्हॉल्व्हर होतं. त्याने हिशेब केला की नेम न धरता चार गोळ्या वाया घालवण्यापेक्षा हत्यार डोळ्यांसमोर आणायला लागणारा थोडासा वेळ स्वस्त पडतो. तो दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरायचा, नळीच्या टोकावरची माशी फुग्यावर आणायचा आणि मगच चाप ओढायचा. १९५९ साली तो जिंकला. कूपरने ही पद्धत बारकाईने पाहिली, तिच्यावर लिहिलं, आणि 'वीव्हर स्टान्स' हे नाव जगभरच्या नेमबाजांच्या तोंडी बसलं.

या कथेत बहुतेकांना दोन हात आणि माशी एवढंच आठवतं. वीव्हरच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं आणि त्यात .३८ चं मवाळ काडतूस होतं, हे कुणी सांगत नाही. त्याच्याशी झुंजणारे पुष्कळजण .४५ ची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं वापरत. .४५ चा धक्का मोठा. हत्यार उसळतं, खाली यायला वेळ घेतं. .३८ चं हत्यार जागचं फारसं हलत नाही. वीव्हरच्या कौशल्याला मी काडीचंही कमी लेखत नाही. पण शर्यत घड्याळाशी असेल आणि काडतुसावर कसलंच बंधन नसेल, तर आज ना उद्या प्रत्येक जण हलक्यात हलकं काडतूस भरून येणार, हे उघड होतं. पुढची पन्नास-साठ वर्षं या क्रीडाप्रकाराचं नियमपुस्तक या एका प्रश्नाशी झगडत राहिलं. रिव्हॉल्व्हरचं नशीबही त्याच झगड्यात घडलं.

त्याआधीची दुनिया पाहिली तर हा प्रश्न किती नवा होता ते कळतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरत आले. तिथली पिस्तूल-स्पर्धा म्हणजे एका हाताने, ताठ उभं राहून, २५ आणि ५० यार्डांवरच्या गोल लक्ष्यावर नेम धरणं. तिथे गोळी किती जोरात जाते याला काहीच किंमत नव्हती. ती कुठे लागते एवढाच सवाल. या सामन्यांनी .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी 'वॉडकटर' गोळी लोकप्रिय केली. तिचं वजन १४८ ग्रेन आणि तोंड पूर्ण सपाट. टोकदार गोळी कागद फाडत जाते आणि भोकाची कड अस्पष्ट राहते. वॉडकटर मात्र कागदात पंचने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पाडते, आणि भोक वरच्या गुणाच्या रेषेला शिवलं की नाही यावर वाद उरत नाही. दारू अगदी थोडी, वेग कमी, धक्का नाममात्र.

पण सरावाला लागणारी एवढी काडतुसं विकत घेणं परवडणं कठीण. गंभीर नेमबाज आठवड्याला शेकडो गोळ्या झाडतो. त्यामुळे हाताने काडतुसं भरणं हा या खेळाचा अर्धा भाग पहिल्यापासूनच होता. काडतुसाचे घटक चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसणारी गोळी. यांतली पुंगळी गोळी सुटल्यावर शाबूत राहते आणि तीच सगळ्यात महाग. ती गोळा करायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, पुंगळीचा फुगलेला घेर पुन्हा मापात आणायचा, दारू मोजून घालायची, गोळी दाबून बसवायची. १८८४ साली जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये 'आयडियल' कंपनी काढली आणि पकडीसारखं एक अवजार विकायला आणलं. त्यावर ही सगळी कामं एकेक करून होत. १९२५ मध्ये ती कंपनी लायमनकडे गेली. शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतणं हेही घरच्या घरीच चाले. १८९८ मध्ये लाफलिन अँड रँड या कंपनीने 'बुल्सआय' नावाची झटपट जळणारी धूररहित दारू बाजारात आणली. ती लक्ष्यवेधाच्या हलक्या काडतुसांसाठी इतकी चपखल ठरली की मालक बदलत गेले तरी त्याच नावाने ती आजवर विकली जाते.

पोलिसांची स्पर्धा याहून व्यावहारिक व्हावी म्हणून १९३० च्या दशकात एफबीआयने प्रॅक्टिकल पिस्तूल कोर्स आखला. त्यात सात यार्डांपासून लांब पल्ल्यापर्यंत नेमबाजी, आडोशामागून, गुडघ्यावर बसून, वेळेच्या मर्यादेत. त्यातून पुढे पीपीसी हा खेळ वाढला आणि तो अनेक दशकं रिव्हॉल्व्हरचं राज्य राहिला. पण तिथेही हवा तीच. स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरवर इंचभर जाडीची अवजड नळी चढली, तिच्यावर लांब पट्टीची माशी बसली, आणि आत तेच मवाळ वॉडकटर. पोलीस गस्तीवर एक काडतूस घेऊन जायचा आणि स्पर्धेत दुसरंच झाडायचा. यावर टीका झाली आणि ती रास्तच होती.

आंतरराष्ट्रीय नेमबाजीत, म्हणजे आयएसएसएफच्या २५ मीटर सेंटर-फायर प्रकारातही नियम फक्त व्यासाचा आहे. ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर या पट्ट्यातलं काडतूस हवं, चापाचं वजन किमान एक किलो हवं. जोराची अट नाही. साहजिकच जगभरचे नेमबाज पट्ट्याच्या तळाशी सरकले आणि .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या शंभर वर्षं जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसावर येऊन थांबले. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुणांनी तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. महाराष्ट्राचा या काडतुसाशी जवळचा संबंध आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. भारतातल्या परवानाधारकांच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये जाणाऱ्या काडतुसांच्या बुडावर बहुतेकदा खडकीचीच 'केएफ' ही अक्षरं असतात. मात्र आपल्याकडे दारूगोळा बनवणं शस्त्र कायद्याने परवान्याच्या चौकटीत बांधलेलं आहे. त्यामुळे घरच्या बाकावर रात्री बसून उद्याच्या सामन्याची काडतुसं भरणारा नेमबाज ही अमेरिकी गोष्टच राहिली. ती समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात असलेली बरी.

आता पुन्हा काडतुसाच्या जोराच्या प्रश्नाकडे. मे १९७६ मध्ये मिसूरीतल्या कोलंबिया शहरात वेगवेगळ्या देशांतले सुमारे चाळीस नेमबाज जमले आणि आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कूपर पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिन: दिलिजेन्शिया, विस, सेलेरितास. अचूकता, शक्ती, वेग. तिन्ही समान मोलाचे. अचूकता कागदावर दिसते, वेग घड्याळात दिसतो. शक्ती मोजायची कशी?

सुरुवातीचं उत्तर लोलकाचं होतं. टांगलेल्या वजनावर गोळी झाडायची आणि ते किती मागे जातं ते पाहायचं. आधी कारखान्यातलं ठरावीक काडतूस झाडून खूण करायची. स्पर्धकाच्या काडतुसाने वजन त्या खुणेपर्यंत नेलं तर ते 'मेजर', नाही नेलं तर 'मायनर'. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे निर्दोष आहे, कारण लोलक संवेग मोजतो, आणि हातातल्या हत्याराला जाणवणारा धक्काही संवेगाचाच. पण मैदानावर वारा असायचा, वजन डुलायचं, गोळी मध्यभागी लागली नाही तर आकडा बदलायचा. टेक्सासमधल्या केन ओहलर यांच्यासारख्यांनी गोळीचा वेग मोजणारे क्रोनोग्राफ सामान्य माणसाला परवडतील इतके स्वस्त केले आणि लोलक मागे पडला. त्याच्या जागी आलं एक सोपं सूत्र. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदांत, दोघांचा गुणाकार करून हजाराने भागायचं. येणारा आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. लष्करी पद्धतीचं .४५ काडतूस, २३० ग्रेनची गोळी आणि साधारण ८३० फुटांचा वेग, म्हणजे १९० च्या आसपास. नेहमीचं .३८ स्पेशल, १५८ ग्रेन आणि ७५५ फूट, म्हणजे ११९. अमेरिकेतली शाखा, यूएसपीएसए, १९८४ मध्ये उभी राहिली. तिच्याकडे मेजरचा उंबरठा एकेकाळी १७५ होता, पुढे तो १६५ वर आला. मायनरचा १२५.

उंबरठ्याचं बक्षीस गुणांत मिळतं. लक्ष्याच्या मध्यभागी, 'ए' भागात लागलेल्या गोळीला दोघांनाही पाच गुण. पण 'सी' भागात मेजरला चार आणि मायनरला तीन, 'डी' भागात मेजरला दोन आणि मायनरला एक. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं आणि तुलना त्या भागाकारांची. म्हणजे जोरदार काडतुसाचा धक्का जो सोसेल त्याला थोडी चूक माफ. मला हा नियम फार सुंदर वाटतो. तो कुणालाही हलकं काडतूस वापरायला मनाई करत नाही, फक्त त्याची किंमत सांगतो.

या नियमाने हाताने काडतूस भरणाऱ्याचं काम आमूलाग्र बदललं. वॉडकटर भरणारा माणूस दारू कमी-कमी करत सगळ्यात जवळजवळ लागणाऱ्या गोळ्यांचा गट शोधत असे. नवा स्पर्धक आकड्यामागे लागला. १६५ ला मेजर मिळतं ना, मग १९० चा धक्का कशाला सोसायचा? २३० ग्रेनची गोळी ७२० फुटांनी गेली तरी १६५.६ होतात. पण इतकं काठावर जाणं धोक्याचं, कारण स्पर्धेतली तपासणी निर्दय असते.

मोठ्या सामन्यात अधिकारी स्पर्धकाकडून आठ काडतुसं उचलतात. कुठली उचलायची ते अधिकारी ठरवतात. एक फोडून त्यातली गोळी काढतात आणि तराजूवर ठेवतात. तीन गोळ्या स्पर्धकाच्याच हत्यारातून क्रोनोग्राफवर झाडतात आणि सरासरी काढतात. आकडा कमी पडला तर आणखी तीन झाडून सहांतल्या उत्तम तीन धरतात. तरीही कमी पडला तर उरलेल्या शेवटच्या काडतुसाचं काय करायचं ते स्पर्धकाने सांगायचं: तेही झाडून वेग पाहायचा, की फोडून गोळी तोलायची? पहिली तोललेली गोळी जरा हलकी निघाली असेल तर दुसरी जड निघण्याची आशा असते. एवढं करूनही मेजर मिळालं नाही तर पूर्ण सामन्याचे गुण मायनरने मोजले जातात. मायनरही गाठलं नाही तर स्पर्धक झाडत राहू शकतो, पण गुण शून्य. दोन-तीन फुटांच्या वेगाने वर्षभराची तयारी पाण्यात जाऊ शकते.

रिव्हॉल्व्हरवाल्याला हे पिस्तूलवाल्याहून जास्त जड जातं. पिस्तुलात काडतूस नळीच्याच मागच्या भागात बसतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते आणि गोळी तिथून उडी मारताना थोडा वायू बाजूला निसटतो. ही फट प्रत्येक हत्यारात वेगळी. त्यामुळे एकाच डब्यातली काडतुसं दोन सारख्याच रिव्हॉल्व्हरमधून वेगवेगळ्या वेगाने सुटतात, आणि मित्राची भरणी आपल्याला चालेलच असं नाही. दुसरी गोष्ट दारूच्या जागेची. .३८ स्पेशलची पुंगळी २९ मिलिमीटर लांब, काळ्या दारूच्या दिवसांतल्या काडतुसांच्या वळणावर केलेली. आधुनिक दारू त्या पोटात एका कोपऱ्यात पडून राहते. हत्यार खाली तोंड करून वर आणलं तर दारू गोळीकडे सरकलेली असते, वर तोंड करून खाली आणलं तर टोपीकडे. टोपीकडे असेल तर वेग जास्त, गोळीकडे असेल तर कमी. ही तफावत उंबरठ्यावर असलेल्या माणसाला बुडवायला पुरेशी असते. थंडीच्या सकाळी काही दारू मंद जळतात, तेही हिशेबात धरायला हवं. म्हणून अनुभवी माणूस उंबरठ्याच्या वर काही अंकांची शिल्लक ठेवूनच भरतो.

आणि नुसता वेग मिळून भागत नाही. धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू पुढे निसटतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरत नाही आणि स्पर्धा तिथेच संपते. म्हणून पुंगळीची कड गोळीवर घट्ट वळवावी लागते. टोपी किंचित वर राहिली तरी सिलिंडर अडतो. चाप हलका करायचा म्हणून स्प्रिंग मऊ केली तर घोड्याचा घाव कमी पडतो आणि टोपी पेटत नाही. या कारणाने स्पर्धेचे रिव्हॉल्व्हरवाले सहज पेटणाऱ्या फेडरल कंपनीच्या टोप्यांवर जीव टाकतात आणि प्रत्येक टोपी हाताने चाचपून खोल बसलीय ना ते पाहतात. गोळीचं तोंडही गोल हवं. सपाट तोंडाची वॉडकटर घाईत भरताना सिलिंडरमधल्या घराच्या काठावर अडकते. कॅम्प पेरीचा तो जुना लाडका आकार इथे शत्रू ठरला. मला या बारकाव्यांत खऱ्या कारागिरीचं दर्शन घडतं. पितळ, शिसं आणि दोन चिमूट दारू यांतून माणूस नियमाशी संवाद साधत असतो.

इतक्या गोळ्या भरायच्या तर यंत्रही हवं. एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर तासाला काही डझन काडतुसं होतात. एका ओढीत सगळी कामं करणारं स्टार यंत्र १९३० च्या दशकापासून होतं, पण महाग. ॲरिझोनात माइक डिलन यांनी असली प्रोग्रेसिव्ह यंत्रं सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आणली, आणि १९८० च्या दशकात आयपीएससीचा प्रसार आणि डिलनच्या निळ्या यंत्रांचा प्रसार हातात हात घालून झाला.

पण याच दशकात रिव्हॉल्व्हर मैदानातून हद्दपार होत चाललं होतं. सुरुवातीला सगळी हत्यारं एकाच रांगेत. एकेरी मॅगझिनच्या .४५ शी सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर कसंबसं झुंजत होतं. मग नळीच्या टोकाला वायू वर फेकून उसळी दाबणारे कॉम्पेन्सेटर आले. मग दुहेरी मॅगझिन. १९९० मध्ये ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत डग कोनिगने लाल ठिपक्याच्या दुर्बिणीने विजेतेपद मिळवलं. रिव्हॉल्व्हरवाल्याला आता यंत्रयुगाशी स्पर्धा करायची होती. गट पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते पडले, आणि त्यांत रिव्हॉल्व्हरला स्वतःचा कोपरा मिळाला. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात आयकोर ही फक्त रिव्हॉल्व्हरची संघटना उभी राहिली. तिने मेजर-मायनर ठेवलंच नाही. १२० चा एकच उंबरठा, आणि चुकीची शिक्षा सेकंदांत. १९९६ मध्ये आलेल्या आयडीपीए या संघटनेने साध्या रिव्हॉल्व्हरच्या गटाला आधी १२५ चा आणि नंतर १०५ चा उंबरठा दिला.

या कोपऱ्याला तग धरायला मदत केली ती पहिल्या महायुद्धातल्या एका टंचाईने. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा .४५ ची सरकारी पिस्तुलं पुरेशी नव्हती. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांना त्याच काडतुसाची रिव्हॉल्व्हरं बनवायला सांगितलं. अडचण अशी की पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड नसते, आणि रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीला पकडायला काही मिळत नाही. स्मिथ अँड वेसनच्या जोसेफ वेसन यांनी पोलादी पत्र्याची अर्धचंद्राकृती क्लिप बनवली. एका क्लिपमध्ये तीन काडतुसं, दोन क्लिपा म्हणजे सहा. दोन्ही कंपन्यांनी प्रत्येकी दीड लाखाच्या आसपास अशी रिव्हॉल्व्हरं बनवली. पुढे दोन अर्धचंद्रांची एक पूर्ण क्लिप झाली. युद्धातली तडजोड होती ती, पण घड्याळाच्या शर्यतीत तिच्यासारखं दुसरं काही नव्हतं. सहाही काडतुसं एकत्र आत जातात, सहाही पुंगळ्या एका दाबात बाहेर पडतात. .४५ असल्यामुळे मेजर सहज मिळतं. पुंगळी आखूड आणि जाड, क्लिपमध्ये ती किंचित हलते आणि घर आपोआप शोधते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं स्मिथ अँड वेसनचं ६२५ हे मॉडेल या गटाचं जवळजवळ अनिवार्य हत्यार झालं.

त्याच्यासह लुइझियानाच्या जेरी मिक्युलेकने जे केलं ते या कथेचं शिखर आहे. ११ सप्टेंबर १९९९ रोजी त्याने ६२५ मधून सहा गोळ्या झाडल्या, रिकाम्या पुंगळ्या काढल्या, नवी क्लिप घातली आणि पुन्हा सहा झाडल्या, सगळं मिळून २.९९ सेकंदांत. एड मॅकगिव्हर्नने १९३२ मध्ये साउथ डकोटात पाच गोळ्या सेकंदाच्या वीस भागांपैकी नऊ भागांत झाडल्या होत्या. त्याच परंपरेतला हा माणूस, पण याच्या विक्रमात मधे काडतुसं भरणं आहे. क्लिप वाकलेली असती, एक टोपी वर राहिली असती, एक गोळी निसटली असती, तर २.९९ झाले नसते. बाकावरची शिस्त त्या आकड्यात मोजलेली आहे.

मग २०१४ आलं. यूएसपीएसएच्या रिव्हॉल्व्हर गटात तोवर सहा गोळ्यांची मर्यादा होती. त्या वर्षापासून आठ गोळ्यांना परवानगी मिळाली, अट एकच: सहाहून जास्त भरल्या तर गुण मायनरने. कागदावर हा न्याय समतोल दिसतो. सहा गोळ्या आणि मेजर, किंवा आठ गोळ्या आणि मायनर. तुमचं तुम्ही निवडा.

पण त्याच नियमपुस्तकात दुसरं एक कलम आहे. एका जागेवरून आठपेक्षा जास्त गोळ्यांची गरज पडेल असा सामना आखायचा नाही. आखणारे स्वाभाविकपणे एकेका जागेवर आठ गोळ्यांचं काम ठेवतात. आठ घरांचा माणूस ते संपवतो आणि पुढच्या जागेकडे धावताना भरतो. भरण्याचा वेळ त्याला धावण्यात फुकट मिळतो. सहा घरांचा माणूस सहा झाडतो, तिथेच उभं राहून भरतो, दोन झाडतो. बत्तीस गोळ्यांच्या फेरीत एकाला तीनदा भरावं लागतं, दुसऱ्याला निदान पाचदा, आणि तेही उभ्या-उभ्या. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद. 'सी' भागातल्या गोळ्यांवरचा एकेक जादा गुण ही दरी भरून काढू शकत नाही. थोड्याच काळात रिव्हॉल्व्हर गटाच्या वरच्या फळीतून ६२५ दिसेनासं झालं. त्याच वर्षी स्मिथ अँड वेसनने मिक्युलेकच्या नावाचं ९२९ हे आठ घरांचं, नऊ मिलिमीटरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं.

या बदलाने भरणीच्या बाकावर एक नवल घडवलं, आणि ते मला मनापासून भावतं. आठ घरांची दुसरी लोकप्रिय निवड म्हणजे .३५७ चं ६२७ हे मॉडेल. त्यात .३८ स्पेशल चालतं, पण पुंगळी लांब. बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची खेप आखूड, त्यामुळे घाईत एखादी पुंगळी अर्धवट आत राहते. नेमबाजांनी इतिहासात शोध घेतला आणि .३८ शॉर्ट कोल्ट हे एकोणिसाव्या शतकातलं, जवळपास मेलेलं काडतूस उकरून काढलं. त्याची पुंगळी जेमतेम १९ मिलिमीटरची. क्लिपमध्ये ती ताठ बसते, चटकन आत पडते, स्वच्छ बाहेर येते. पोट लहान असल्याने दारू इकडे-तिकडे सरकत नाही आणि वेगही सारखा राहतो. १६० ग्रेनची गोळी ७९० फुटांनी गेली की १२६.४, मायनर मिळालं. स्टारलाइनसारखी कंपनी या पुंगळ्या पुन्हा बनवू लागली. इथे एक इशारा मात्र द्यायलाच हवा. या काडतुसाची जुनी कोष्टकं कमकुवत, जुन्या हत्यारांसाठी आहेत, आणि आधुनिक रिव्हॉल्व्हरसाठी भरलेलं काडतूस एखाद्या शतकभर जुन्या कोल्टमध्ये गेलं तर हत्यार हातात फुटू शकतं. म्हणून अशा काडतुसांचे डबे वेगळे ठेवावेत आणि त्यांवर ठळक खूण करावी.

२०१४ चा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. गटातली संख्या रोडावत चालली होती आणि आठ घरांची रिव्हॉल्व्हरं दुकानांत होती. नव्या माणसाला आत घ्यायचं तर दार मोठं करणं भागच होतं. पण शक्तीला वेगाइतकंच मोल देण्याचं जे वचन कोलंबियात दिलं होतं, ते या गटात प्रत्यक्षात मोडलं. सहा घरांच्या .४५ ला पर्याय म्हणून ठेवण्याऐवजी स्वतंत्र गट द्यायला हवा होता. आयकोरने ते केलं. तिथे सहा घरांचा वेगळा गट आहे, आणि क्लासिक गटात तर क्लिपांनाही मनाई आहे, काडतुसं स्पीडलोडरनेच भरायची. यूएसपीएसएमध्ये मात्र आजही ६२५ घेऊन येणाऱ्याला आठ घरांच्या रांगेतच उभं राहावं लागतं.